स्कोअरबुकात नसलेला रकाना

उंच माणसाची आपल्याकडे मोठी गंमत असते. लग्नघरी मांडवाच्या माळा त्याने बांधायच्या, वरच्या फळीवरची लोणच्याची बरणी त्याने काढून द्यायची, आणि फोटोच्या वेळी मात्र मुकाट्याने मागच्या ओळीत जाऊन उभे राहायचे. माझी उंची ६ फूट ३ इंच आहे. त्यामुळे महाविद्यालयात पाऊल ठेवल्यापासून तिसऱ्याच दिवशी क्रीडाशिक्षकांनी मला व्हरांड्यात गाठले आणि नाव-गाव विचारण्याआधी "उद्या सकाळी साडेसहाला मैदानावर ये" एवढेच सांगितले. अशा रीतीने मी बास्केटबॉल संघाचा 'सेंटर' झालो. या निवडीत माझ्या गुणांचा वाटा काहीच नव्हता; असलाच तर तो माझ्या आजोबांच्या हाडापेराचा होता.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पाच खेळाडूंपैकी सेंटर हा बहुधा सर्वांत उंच असतो आणि बास्केटच्या जवळपास वावरतो. प्रतिस्पर्धी चेंडू टाकायला आला की त्याच्यासमोर उडी घ्यायची, नेम चुकून परत आलेला चेंडू (यालाच रिबाऊंड म्हणतात) गर्दीतून काढून घ्यायचा आणि पुढे पळणाऱ्या आपल्या गड्याकडे फेकायचा. मग तो गडी बास्केट करतो आणि टाळ्या त्याला पडतात. सेंटर तोवर दुसऱ्या टोकाला धापा टाकीत उभा असतो.

सामना खेळून मी घरी आलो की आजीचा प्रश्न ठरलेला असे, "कितके गोल मारलास रे?" बास्केटबॉलमध्ये गोल नसतो हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता. पण खरे उत्तर तरी काय द्यायचे? बहुतेक वेळा दोन, कधी तीन, कधी एकही नाही. आमच्या स्कोअरबुकात खेळाडूच्या नावापुढे त्याने मिळवलेले गुण लिहितात आणि त्याने केलेले फाऊल लिहितात. म्हणजे माझ्या नावापुढे गुन्ह्यांची नोंद भरपूर आणि पुण्याची जवळजवळ नाहीच! धावून धावून पायाचे तुकडे पडलेले असत. पण कागदावर पाहिले तर मी त्या सामन्यात होतो की नव्हतो असा प्रश्न पडावा.

पहिल्या वर्षाच्या अखेरीस मी खेळ सोडण्याच्या विचारात होतो. तसे क्रीडाशिक्षकांना सांगितलेही. त्यांनी उपदेश केला नाही. "बिल रसेल कोण होता ते वाच, मग ये," एवढेच म्हणाले. त्यानंतर मी जे वाचले आणि जुन्या सामन्यांच्या धूसर कृष्णधवल चित्रफितींत जे पाहिले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

विल्यम फेल्टन रसेल याचा जन्म १२ फेब्रुवारी १९३४ रोजी अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील मन्रो या गावी झाला. दक्षिणेकडच्या त्या राज्यांत काळ्या माणसाला दिवसातून दहा वेळा त्याची पायरी दाखवली जाई. रसेलची आई एकदा चांगला पोशाख करून बाहेर पडली, तर एका पोलिसाने तिला, हा गोऱ्या बाईचा पोशाख आहे, घरी जाऊन उतरव, असे दरडावले. अखेर वडिलांनी गाव सोडले आणि कुटुंब कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरी गेले. तेथे रसेल १२ वर्षांचा असताना आई वारली. उंच, किडकिडीत, अबोल असा हा मुलगा मग सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसू लागला. तेथल्या पुस्तकांतील थोर चित्रकारांची चित्रे तो तासन् तास न्याहाळी, त्यांतली रेघ न् रेघ मनात साठवी आणि घरी आल्यावर आठवणीने काढण्याचा प्रयत्न करी. चित्रे काही जमली नाहीत. परंतु पाहिलेली हालचाल मनात जशीच्या तशी उभी करण्याची जी सवय लागली, तिचा उपयोग पुढे मैदानावर झाला. दुसरा खेळाडू काय करतो हे तो मनातल्या मनात पुनःपुन्हा पाही आणि त्याला उत्तर कोणते द्यायचे ते ठरवी.

शाळेत असताना त्याची संघातली जागा जेमतेम टिकली. तो फारसे गुण मिळवीत नसे, म्हणून मोठ्या महाविद्यालयांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने मात्र त्याला शिष्यवृत्ती दिली. तेथे के. सी. जोन्स नावाचा दुसरा एक अबोल मुलगा त्याच्या खोलीत राहायला होता. हे दोघे बास्केटबॉलविषयी असे बोलत की जणू भूमितीचा अभ्यास चालला आहे. चेंडू कोणत्या कोनातून येईल, नेम चुकला तर कोणीकडे उडेल, कोठे उभे राहिले म्हणजे प्रतिस्पर्ध्याला नको ती वाट धरावी लागेल, यावर त्यांच्या चर्चा रंगत. त्या काळी बचाव करताना पाय जमिनीवरून उचलू नयेत, अशी प्रशिक्षकांची शिकवण होती. रसेल तर पक्ष्यासारखा उडे. शिकवण मागे पडली आणि विद्यापीठाने १९५५ आणि १९५६ अशी सलग दोन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. रसेल खेळत असताना त्या संघाने ओळीने ५५ सामने जिंकले. बास्केटखालचा जो पट्टा ६ फूट रुंद होता तो नियम बदलून १२ फूट करण्यात आला. अशा उंच सेंटरांनी बास्केटखालीच ठाण मांडू नये, हा त्यामागचा हेतू. एका विद्यार्थ्याच्या खेळाने मैदानाची आखणी बदलावी, ही गोष्ट मी आमच्या मैदानावरच्या चुन्याच्या रेघांकडे पाहताना अनेकदा आठवतो.

१९५६ च्या अखेरीस मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने अमेरिकेसाठी सुवर्णपदक मिळवले. अंतिम सामन्यात अमेरिकेने सोव्हिएत संघाला ८९ विरुद्ध ५५ असे हरवले. तेथून परतल्यावर तो बॉस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघात दाखल झाला. या संघाचे प्रशिक्षक रेड ऑरबाख यांनी त्याला मिळवण्यासाठी एड मॅकॉली हा आपला नामांकित खेळाडू देऊन टाकला होता. सेल्टिक्सकडे गुण मिळवणारे खेळाडू पुष्कळ होते; त्यांच्यापर्यंत चेंडू पोचवणारा कोणी नव्हता. ऑरबाख यांनी रसेलला सांगून टाकले की, तू गुणांची चिंता करू नकोस. पगाराची बोलणी करताना तुझे गुण मी मोजणार नाही.

हे वाक्य वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ तसाच बसलो होतो.

पहिल्याच हंगामात, १९५७ साली, अजिंक्यपदाचा सातवा आणि अखेरचा सामना सेंट लुईसच्या संघाशी होता. अगदी शेवटच्या मिनिटात प्रतिस्पर्ध्यांचा जॅक कोलमन मोकळा सुटला. त्याच्या आणि बास्केटच्या मध्ये कोणी नव्हते. रसेल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. तेथून तो धावत आला आणि कोलमनचा चेंडू त्याने हवेतच अडवला. सामना दोनदा जादा वेळेत गेला आणि सेल्टिक्सने तो १२५ विरुद्ध १२३ असा जिंकला. त्या एका धावेवर पुढचे पान उलटले असे म्हटले तरी चालेल; कारण १९५७ ते १९६९ या १३ हंगामांत सेल्टिक्सने ११ वेळा अजिंक्यपद मिळवले. त्यांतली १९५९ ते १९६६ ही ८ तर सलग. अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये एवढी अजिंक्यपदे दुसऱ्या कोणाही खेळाडूच्या नावावर नाहीत. शेवटच्या सातव्या सामन्यापर्यंत गाडी आली असे प्रसंग त्याच्यावर १० वेळा आले, आणि दहाही वेळा त्याचा संघ जिंकला.

आता या माणसाचे आकडे पाहा. सामन्यामागे सरासरी १५.१ गुण. कोणत्याही हंगामात २० ची सरासरी त्याने गाठली नाही. फ्री थ्रो, म्हणजे कोणी आडवे येत नसताना निवांत उभे राहून टाकायचे चेंडू, त्यांतले शेकडा ५६ च पडत. आमच्या संघातही याहून बरे टाकणारे आहेत! पण रिबाऊंड २१,६२०, म्हणजे सामन्यामागे २२.५. एकदा तर, ५ फेब्रुवारी १९६० रोजी, एकाच सामन्यात ५१. आणि अडवलेले चेंडू किती? त्याचा आकडा नाही. ते मोजण्याची अधिकृत पद्धत १९७३-७४ च्या हंगामात सुरू झाली. रसेल त्याच्या ४ वर्षे आधी निवृत्त झाला होता. ज्या कामासाठी तो जगात ओळखला जातो, त्या कामाचा रकानाच त्याच्या काळच्या स्कोअरबुकात नव्हता.

शिवाय तो चेंडू अडवी तो कसा, हेही पाहण्यासारखे आहे. पुष्कळ खेळाडू चेंडूवर असा काही हात मारतात की तो थेट प्रेक्षकांत जाऊन पडावा. लोक खूश होतात, पण चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्याकडेच जातो. रसेल चेंडूला हलकेच बोटे लावी. चेंडू मैदानातच राही आणि बहुधा त्याच्याच संघातल्या कोणाच्या तरी हाती पडे. तेथून सेल्टिक्सची चढाई सुरू होई. प्रत्येक चेंडू तो अडवीतही नसे. एकदोन अडवले की पुढच्या वेळी प्रतिस्पर्धी त्याच्या नुसत्या चाहुलीने नेम चुकवी. न घेतलेल्या उडीची नोंद तर जगातल्या कोणत्याच वहीत होणे शक्य नाही.

त्याच काळात विल्ट चेंबरलेन नावाचा दुसरा सेंटर होता. उंची ७ फूट १ इंच, अंगात अफाट ताकद. १९६१-६२ च्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे ५०.४ गुणांची होती, आणि २ मार्च १९६२ रोजी त्याने एका सामन्यात १०० गुण केले. तरीही त्या हंगामातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान खेळाडूंनीच मते देऊन रसेलला दिला. असा मान त्याला एकूण ५ वेळा मिळाला. म्हणून विल्टला कमी लेखावे असे मात्र मला वाटत नाही; त्याच्यावर गुण मिळवण्याचा जो भार टाकला गेला तो त्याने पेलला. दोघे चांगले मित्र होते. रसेल त्याच्या घरी सणाला जेवायला जाई आणि संध्याकाळी त्याच्याचविरुद्ध मैदानात उतरे. १९६९ नंतर रसेलच्या एका बोलण्यावरून दोघांत अबोला आला. तो वीसएक वर्षे टिकला आणि उतारवयात मिटला. १९९९ च्या मे महिन्यात बॉस्टनमध्ये रसेलचा जाहीर सत्कार झाला तेव्हा विल्ट तेथे हजर होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो वारला.

जाहीर सत्काराला एवढा उशीर का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर बॉस्टन शहरात आहे. मैदानावर टाळ्या वाजवणाऱ्या त्या शहरालगत, रेडिंग येथील रसेलच्या घरात चोर शिरले. त्यांनी भिंतींवर शिव्या लिहिल्या, चषक फोडले आणि बिछान्यात घाण करून ठेवली. १९६१ साली केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे प्रदर्शनीय सामन्यासाठी संघ गेला असता, हॉटेलात काळ्या खेळाडूंना खायला देण्यास नकार मिळाला. रसेल आणि त्याचे काळे सहकारी सामना न खेळता विमानाने परतले. गोरे सहकारी मागे राहून सामना खेळले. नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांचा १९६३ साली मिसिसिपीत खून झाल्यावर, जिवाला धोका असतानाही रसेल तेथे गेला आणि काळ्या-गोऱ्या मुलांना त्याने एकत्र बास्केटबॉल शिकवला. १९७२ साली त्याचा ६ क्रमांकाचा गणवेश संघाने सन्मानाने निवृत्त केला, तो त्याच्या इच्छेनुसार रिकाम्या प्रेक्षागृहात, चार मित्रांसमक्ष. १९७५ साली त्याची बास्केटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये निवड झाली, पण त्या समारंभाला तो गेलाच नाही. त्या सन्मानाची अंगठी त्याने स्वीकारली ती २०१९ साली, चक कूपर यांची निवड झाल्यावर. आपल्याआधी इतर काळ्या खेळाडूंचा मान व्हायला हवा होता, असे त्याचे म्हणणे होते. टाळी आणि मान या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्याला ओकलंडला येण्याआधीपासूनच ठाऊक असावे.

१९६६ साली ऑरबाख निवृत्त झाले आणि रसेल खेळता खेळताच सेल्टिक्सचा प्रशिक्षक झाला. अमेरिकेच्या त्या संघटनेत हे पद मिळालेला तो पहिला काळा माणूस. १९६७ साली विल्टच्या फिलाडेल्फियाने त्याला हरवले. १९६८ साली त्याने अजिंक्यपद परत आणले. १९६९ साली म्हातारे झालेले सेल्टिक्स आपल्या गटात चौथे आले होते, तरी अंतिम सामन्यापर्यंत पोचले. सातवा सामना लॉस एंजलिसला. तेथल्या मालकांनी विजयोत्सवासाठी छताला हजारो फुगे आधीच टांगून ठेवले होते! सेल्टिक्सने सामना १०८ विरुद्ध १०६ असा जिंकला आणि फुगे छतालाच राहिले. रसेल पुन्हा खेळला नाही. पुढे सिएटल आणि सॅक्रामेंटो येथे त्याने प्रशिक्षकाचे काम केले, पण तेथे जुनी किमया साधली नाही. ते नमूद करायलाच हवे. कारण ती किमया एकट्या माणसाची नव्हती, हे त्यावरूनच कळते.

हे सर्व वाचून मी पुन्हा मैदानावर गेलो. आमच्या संघात पाच जण उभे राहतात तेव्हा त्यांत दोन मराठी बोलणारे, तिघे कन्नड बोलणारे, किंवा कधी उलट. मैदानावर "इकडे दे" आणि "इल्ली कोडु" या दोन्ही हाका मला सारख्याच ऐकू येतात. आमचा गार्ड खेड्यातून एस.टी.ने येणारा कन्नड मुलगा आहे. मी चेंडू अडवला की तो कोठे पळत असेल हे मला न पाहता कळते. परंतु सामना संपला, की चहाच्या गाड्यावर हे इकडे आणि ते तिकडे असे दोन घोळके आपोआप होतात. भांडण नसते काही. सवय असते. वर्तमानपत्रांत सीमेच्या बातम्या तापल्या, म्हणजे त्या दोन घोळक्यांतले अंतर दोन पावलांनी वाढते, इतकेच.

रसेलच्या चरित्रातील एक गोष्ट मला येथे सारखी आठवते. बॉब कूझी हा सेल्टिक्सचा गोरा गार्ड, रसेलचा ७ हंगामांचा सोबती. रसेल चेंडू अडवी आणि कूझी तो घेऊन धावे. दोघांनी मिळून ६ अजिंक्यपदे जिंकली. पुढे नव्वदीकडे झुकलेल्या वयात कूझीने रसेलला पत्र लिहिले. मैदानाबाहेर तुला जे सोसावे लागले, त्यात मी तुझ्या बाजूला जास्त उभे राहायला हवे होते, असा त्याचा आशय होता. एवढे वाक्य पोचायला अर्धे शतक लागले. ज्यांच्यात चेंडू पाव सेकंदात इकडून तिकडे जाई, त्यांच्यात!

आमच्याकडे गेल्या वर्षी दोन लहानशा गोष्टी झाल्या. पहिली अशी की, स्कोअरबुक लिहिणाऱ्या मुलाला मी विनंती केली आणि त्याने मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने एक रकाना आखला : अडवलेले. पहिल्या सामन्यात माझ्या नावापुढे ४ खुणा झाल्या. गार्डने ते पान पाहिले आणि कन्नडमध्ये विचारले, "हे ४ चेंडू नंतर कोणाकडे गेले?" मग शेजारी दुसरा रकाना आखावा लागला. चारांतले ३ त्याच्या हाती गेले होते. त्या दिवशी आजीने नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा मी म्हणालो, "मारलो नाही आजी, चार अडवलो." ती म्हणाली, "आरे, मग ते सांगायला काय झालं होतं इतके दिवस? अडवलास तेबी कामच की!"

दुसरी गोष्ट अशी की, त्या दोन रकान्यांवरून वाद घालत घालत मी आणि गार्ड चहाच्या गाड्यावर एकाच बाकावर बसलो. मागोमाग बाकीचे आले. वाद अर्धा मराठीत, अर्धा कन्नडमध्ये चालला होता, आणि चहाचे पैसे कोणी द्यायचे हा त्यातला सर्वांत कठीण मुद्दा होता. तेव्हापासून बहुतेक दिवशी तो बाक आमचा असतो.

बिल रसेल ३१ जुलै २०२२ रोजी वयाच्या ८८ व्या वर्षी वारला. त्यानंतर त्या संघटनेने त्याचा ६ हा क्रमांक सर्वच्या सर्व संघांतून निवृत्त केला. असा मान त्याआधी कोणालाही मिळाला नव्हता. आमच्या संघात मात्र ६ क्रमांकाचे बनियन अजून वापरात आहे. ते आमच्या गार्डच्या अंगावर असते, आणि त्याला या क्रमांकाची कथा ठाऊक नाही. हा लेख वार्षिक अंकाच्या मराठी विभागात छापून येईल. तो अंक हाती घेईल तेव्हा पाने उलटून सरळ कन्नड विभागाकडे जाईल, हेही मला माहीत आहे. म्हणून अंक निघण्याची वाट न पाहता उद्याच बाकावर बसून, माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये, हे सारे मी त्याला सांगणार आहे. शब्द अडेल तेथे तो पुरवील. आमची तशी सवय आहे.